दोघांचे ताट एका वेळी

गेल्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. मुलगी पुण्यात नोकरी करते. आठ दिवस आधीच तिचा फोन आला, "बाबा, या वेळी आईला नगरला घेऊन जा. चांगल्या हॉटेलात कँडल लाइट डिनर करा. पैसे मी पाठवते."

मला हसू आले. आमच्या मिरजगावात रात्रीची लाइट गेली की मेणबत्तीच्या उजेडातले जेवण घरोघर आपोआप होते, त्यासाठी नगरपर्यंत कशाला जायचे, असे मी तिला म्हणालोही. पण फोन ठेवला आणि मनात हिशेब सुरू झाला. पंचवीस वर्षांत आम्ही दोघे, फक्त दोघे, समोरासमोर बसून किती वेळा जेवलो? बोटे मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर अडकलो. लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन एकमेकांना घास भरवला होता, तो आठवला. त्यानंतरचा काही आठवेना.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात हे घरगुती पुराण कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण या पुराणाचा संबंध रक्ताशी आहे. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

दिव्याखाली अंधार

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. आमच्या सौ. गच्चीवर वाळवण घालायला जायच्या, तर मधल्या पायरीवर थांबायच्या. संध्याकाळी पाय ओढल्यासारखे होतात, म्हणायच्या. मी म्हणायचो, "वय झालं आता, चालायचंच." हेच एखाद्या रुग्ण बाईंनी सांगितले असते तर मी लगेच त्यांच्या पापणीची आतली बाजू पाहिली असती, नखे पाहिली असती. घरातल्या बाईच्या पापणीकडे पाहायला मात्र मला सवड नव्हती. शेवटी मुलाने आईला तपासणीला नेले. हिमोग्लोबिन आले ८.४.

गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ८.४ म्हणजे मध्यम प्रकारचा, तीव्र रक्तक्षयाच्या उंबरठ्यावरचा. दवाखान्यात बसून गावाला लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या घरात हा आकडा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गोळ्या सुरू केल्या. चाळिशीनंतर पाळीत जास्त रक्त जाते का, तेही तज्ज्ञ बाईंकडून तपासून घेतले. मग मी एक साधा प्रश्न विचारला, जो रोज दहा रुग्णांना विचारतो. "तू जेवतेस काय?"

"तुम्ही जेवता तेच," त्या म्हणाल्या.

मी चार दिवस नुसते पाहिले. आई साडेसातला जेवते. मुलगा क्लासवरून आठला येतो. मी दवाखाना बंद करून नऊ-सव्वानऊला. प्रत्येकाला गरम भाकरी. सगळे उरकून सौ. दहाला बसत, तेव्हा पातेल्यात भाजी नावाला उरलेली असे. "आता कुठं नवीन करायची," म्हणून भाकरी चहात कुस्करून खात. आठवड्यातल्या चार-पाच रात्री त्यांचे जेवण म्हणजे चहा-भाकरी.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या ताटात जे होते तेच त्यांनी रांधले होते, फक्त त्यांच्या ताटापर्यंत ते पोचत नव्हते.

आकडे काय सांगतात

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होते. आपल्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा ५४ होता.

आता दुसरा हिशेब पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. म्हणजे बाईची गरज पुरुषाच्या दीडपट. आणि आपल्याकडे भाजीचा पहिला डाव कोणाच्या ताटात पडतो? पुरुषाच्या. ज्याला कमी लागते त्याला आधी, जिला जास्त लागते तिला उरलेले. वर चहा. चहातले तुरट द्रव्य जेवणातले लोह बांधून ठेवते आणि ते शरीरात शिरू देत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर हवे ते यासाठीच.

मुलीचा फोन आला तो या सगळ्या काळजीच्या दिवसांत. तेव्हा मी ठरवले की डिनर करायचे, पण घरी. स्वयंपाक मी करायचा आणि दोघांनी एका वेळी बसायचे.

आधी ठरवायच्या चार गोष्टी

असे जेवण ऐन वेळी जमत नाही. चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, असे माझ्या अनुभवाला आले.

पहिली गोष्ट, दिवस. लग्नाचा वाढदिवस किंवा १४ फेब्रुवारीच हवी असे नाही. ज्या दिवशी पाणी भरायचे नाही, पाहुणे नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचे नाही, असा कोणताही दिवस चालतो. रात्री आठची वेळ उत्तम. जेवण आणि झोप यांत दोन तास मिळाले की पित्ताचा त्रास होत नाही.

दुसरी गोष्ट, घरची मंडळी. एकत्र कुटुंबात हीच खरी अडचण असते. माझा बेत ऐकून सौ. म्हणाल्या, "अहो, आई घरात असताना आपण दोघंच ताटं घेऊन बसायचं? कसं दिसेल ते?" मलाही तीच धास्ती होती. शेवटी मी आईपाशी जाऊन सरळ सांगितले. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे वडील होते तोवर आम्ही कधी एका वेळेला जेवलो नाही. ते उठले की त्यांच्याच ताटात मी बसायचे. तुम्ही बसा. मला साडेसातला वाढ, म्हणजे झालं." वडील जाऊन बारा वर्षे झाली. आईने असे काही मनात ठेवले असेल, हे मला माहीत नव्हते.

तेव्हा पळवाट काढू नका, वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांना त्यांच्या वेळेला आधी वाढा. दोघांसाठीचे आधीच झाकून बाजूला ठेवा. ते उरलेले नसावे, राखलेले असावे. हा फरक बारीक वाटला तरी मोठा आहे.

तिसरी गोष्ट, खर्च. हंगामात जे पिकते ते स्वस्त असते, ताजेही असते. फेब्रुवारीत आपल्याकडे रानात हरभरा असतो, घरात ज्वारी असते. बाजारात जाऊन मी हरभऱ्याच्या डहाळ्याच्या दोन जुड्या ४० रुपयांना घेतल्या, अर्धा किलो पेरू ३० ला, गाजर, कांद्याची पात आणि कोथिंबीर मिळून ३०, लिंबे १० ची. एकूण ११० रुपये. ज्वारी, शेंगदाणे, गूळ, लसूण घरचेच. एवढ्यात आई आणि मुलगा धरून चौघांचे झाले. सोलापूर रोडवरच्या ढाब्यावर एवढ्या पैशात दोघांचेही भागत नाही.

चौथी गोष्ट, काम कोण करणार. बायकोसाठी खास जेवण म्हणायचे आणि ते बायकोनेच रांधायचे, यात काही अर्थ नाही. त्या दिवशी चूल पुरुषाची. भांडीही पुरुषाची.

असा होता बेत

सोलाण्याची आमटी, ज्वारीची भाकरी, गाजर आणि पातीची कोशिंबीर, शेंगदाणा-गुळाचा एकेक लाडू आणि पेरूच्या फोडी. सगळे आपल्या भागातले, त्यात नवलाचे काही नाही. पण आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

सोलाणे म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे. ते दुपारी निवांत सोलून ठेवावेत. दोघांसाठी दीड वाटी पुरतात. लोखंडी कढईत चमचाभर तेलावर त्यांना डाग पडेपर्यंत परतावे. चार-पाच लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, थोडे जिरे आणि मूठभर कोथिंबीर घालून जाडसर वाटावे. त्याच कढईत पुन्हा चमचाभर तेलाची मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून वाटण परतावे, दोन-अडीच वाट्या गरम पाणी आणि बेताचे मीठ घालून सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. झाली आमटी. लोखंडी कढईतले थोडे लोह पदार्थात उतरते, ते फुकटचे औषध. मात्र आमटी झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाही तर काळी पडते.

भाकरीचे म्हणाल तर माझी फजिती झाली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि पीठ ताजे लागते. पिठाची विरी गेली की भाकरी तुटते. माझ्या पहिल्या भाकरीचे तव्यावर टाकतानाच दोन तुकडे झाले, दुसरीचे तीन. तिसरी सौ.नी हातातून घेतली. म्हणाल्या, "तुम्ही आमटी सांभाळा. भाकऱ्या मी थापते, पण शेवटच्या भाकरीपर्यंत थांबायचं. आधी बसायचं नाही." मी थांबलो. ज्याला भाकरी जमत नाही त्याने मुगाच्या डाळीची खिचडी करावी, त्यात काही कमीपणा नाही.

ज्वारी-बाजरीचे कौतुक २०२३ साली साऱ्या जगाने केले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आपण मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे चार मिलिग्रॅम लोह असते. तंतूही भरपूर, त्यामुळे पोट साफ राहते. ज्वारीच्या प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते हरभऱ्यात असतात. म्हणून आमटी-भाकरी ही जोडी पोषणाच्या दृष्टीने भरीव ठरते. मधुमेहींनी भाकरी मोजून खावी. ज्वारी आहे म्हणून कितीही चालते, असे नाही.

धान्य-डाळीतल्या लोहाची एक खोड आहे. ते शरीरात सहज शिरत नाही, त्याला सोबत लागते. ती सोबत म्हणजे क जीवनसत्त्व. लिंबू, पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर यांत ते असते. पेरूत तर संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. उष्णतेने ते नाहीसे होत जाते, म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता ताटात पिळावे आणि पेरू जेवणासोबतच खावा.

आता दोन गैरसमज. बीट लाल असते म्हणून रक्त वाढते, असे नाही. बिटात लोह अगदी थोडे असते. गुळात लोह असते, पण आपण गूळ खातो तो सुपारीएवढा. तेवढ्याने रक्त भरून येत नाही. लाडू आवडीने खावा, औषध म्हणून खाऊ नये. मीठही जपून वापरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. पापड आणि लोणचे या बेतात मी मुद्दाम ठेवले नाही.

हंगाम बदलला की बेत बदलावा. उन्हाळ्यात मोड आलेल्या मटकीची उसळ करावी. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शरीराला घेता येते. पावसाळ्यात शेवग्याच्या कोवळ्या पानांची भाजी करावी, परसात झाड असले तर पैसाही लागत नाही. मांसाहार चालत असेल तर मटणातले लोह शरीर अधिक सहज घेते. मात्र त्यातला चांगला तुकडा बाईच्या ताटात पडला पाहिजे.

ती अर्धी-पाऊण घटका

आम्ही गच्चीवर चटई टाकली. मेणबत्त्या आणायला मी विसरलो होतो. माळ्यावरचा जुना कंदील पुसून खाली काढला. थंडी सरत आली होती. दोन्ही ताटे मीच वाढली, आणि ठरवल्याप्रमाणे दोन्हींत सारखे वाढले. सौ. दोनदा उठू लागल्या, एकदा पाण्यासाठी, एकदा "मुलानं दही घेतलं का बघते" म्हणून. दोन्ही वेळा मी त्यांना बसवले. जेवताना उठायचे नसते ही गोष्टच त्या विसरून गेल्या होत्या.

मोबाइल खाली ठेवला होता. टीव्ही नव्हता. बोलण्यावरही मी एक बंधन घातले होते. कर्जाचा हप्ता, मुलाचे मार्क आणि माझे रुग्ण, हे तीन विषय त्या वेळेपुरते बंद. पहिली पाच मिनिटे बोलायला काही सुचेना, इतकी सवय मोडलेली. मग लग्नातली पंगत निघाली. वऱ्हाडाचा टेंपो वाटेत बंद पडला होता तो निघाला. मुलीच्या जन्माच्या वेळचा पाऊस निघाला. मग त्यांनी सांगितले की गेले वर्षभर त्यांना फार थकल्यासारखे होत होते, पण रात्री मी दमून येतो म्हणून सांगितले नाही. एका घरात राहून ही गोष्ट मला गच्चीवर, कंदिलापाशी कळली.

डॉक्टर म्हणून यातले एक सांगतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. टीव्हीपुढे भराभर गिळणारा माणूस त्याच्या आत गरजेपेक्षा जास्त खाऊन मोकळा होतो. गप्पा मारत जेवणारा बेताने खातो, नीट चावतो. आणि समोरच्याचा चेहरा रोज पाहिला तर तो कधी फिका पडला हे कळते. माझ्या घरचा रक्तक्षय मला कळला नाही, याचे एक कारण असे की मी जेवताना समोर बायको नव्हतीच. ती चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती.

पुढे काय झाले

कोणाचा गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगतो. ८.४ हिमोग्लोबिन आमटी-भाकरीने भरून येत नाही. त्याला गोळ्याच लागतात, त्याही काही महिने, आणि रक्त कुठे जाते आहे याचा शोध घ्यावा लागतो. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंद करू नये. रक्त वाढले तरी शरीरातला साठा भरेपर्यंत डॉक्टर सांगतील तितके दिवस ती चालू ठेवावी. सौ.नी हे सगळे केले. ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन ११.८ झाले.

पण गोळ्या बंद झाल्यावर ते टिकवायचे कोणी? ताटाने. म्हणून आम्ही एक नियम केला. दवाखाना मी साडेआठला बंद करतो. आठवड्यातले चार दिवस तरी दोघे एका वेळी बसतो. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात. गरम गरम तव्यावरची भाकरी मला आता मिळत नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही. रात्रीची चहा-भाकरी बंद झाली. आईचे ताटही आता वेगळे नसते, ती म्हणते, "तुमच्यातच वाढा मला."

वाचकहो, मेणबत्ती, गुलाब, हॉटेल हे ज्याला परवडते त्याने जरूर करावे. पण लग्नात चारचौघांसमोर जो घास भरवला, तो शेवटचा ठरू देऊ नका. या आठवड्यात एक रात्र ठरवा. बाजारातून जे स्वस्त, ताजे मिळेल ते आणा. दोन ताटे सारखी वाढा आणि दोघे एका वेळी बसा. बसल्यावर बायकोच्या चेहऱ्याकडे नीट पाहा, पापणीची आतली बाजू फिकी दिसली तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्या.

आणि हो, त्या रात्री पंचवीस वर्षांनी सौ.नी पुन्हा नाव घेतले. माझ्या तुटलेल्या भाकरीवर ते होते, त्यामुळे इथे छापत नाही.